एक कप पास्ता म्हणजे किती ग्रॅम? मापावरून वजन काढायची घरगुती पद्धत

अमेरिकी पाककृतीत ‘दोन कप पास्ता’ लिहिलेलं असतं, इटालियन पाककृतीत ‘३२० ग्रॅम’, आणि आपल्या ओट्यावर असतं ५०० ग्रॅमचं पाकीट. त्यातून किती काढायचा हे अंदाजावर सोडलं की ठरलेली फजिती होते: चौघांच्या जेवणासाठी केलेला पास्ता सहा जणांना पुरून उरतो, नाहीतर सॉस एवढा होतो की पास्ता त्यात शोधावा लागतो. इंटरनेटवर शोधलं तर कुठे एका कपाला ७५ ग्रॅम सांगतात, कुठे १००, कुठे १२५. गंमत म्हणजे हे तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. फक्त ते वेगवेगळ्या पास्त्याचे असतात, आणि आपल्या डब्यातला पास्ता त्यांपैकी कुठला हे त्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून या लेखात तक्ता आहे, पण माझा भर तक्त्यावर नाही. तुमच्या पाकिटाचा, तुमच्या कपाचा स्वतःचा आकडा पाच मिनिटांत कसा काढायचा, त्यावर आहे. त्यासाठी वजनकाटाही लागत नाही, कारण ज्या पाकिटावर ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’ छापलंय ते पाकीट म्हणजेच तुमच्या घरात आलेलं तयार वजन आहे.

कपात पास्ता कमी, हवा जास्त

आधी थोडं कारण समजून घेऊ, म्हणजे पुढचे आकडे पाठ करावे लागणार नाहीत.

सुका पास्ता हा तसा चांगलाच घट्ट पदार्थ आहे. त्याचा एक घन सेंटिमीटरचा भरीव तुकडा काढला तर तो साधारण १.४ ग्रॅम भरेल, म्हणजे पाण्यापेक्षा जड. पण २४० मिलिलिटरच्या कपात पेन्ने भरली तर वजन भरतं जेमतेम ८०–९० ग्रॅम. हिशोब करा: ८५ ग्रॅम पास्त्याने व्यापलेली जागा झाली सुमारे ६० मिलिलिटर. उरलेले १८० मिलिलिटर म्हणजे नळ्यांच्या पोटातली आणि नळ्यांमधली हवा. कपाने आपण पास्ता मोजतो असं वाटतं, पण पाऊण कप हवाच मोजत असतो.

ही हवा किती असेल हे आकारावर ठरतं. तांदळाच्या दाण्यासारखा ओर्झो एकमेकांत नीट बसतो, त्यामुळे कप जड होतो. फुलपाखरासारखी फारफाल्ले पंख पसरून एकमेकींना दूर ठेवते, त्यामुळे कप हलका. त्याच मापट्याने एकदा मुगाची डाळ मोजा आणि एकदा चुरमुरे, तसाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट भांड्याच्या भिंतीची. मोठे तुकडे लहान भांड्यात भरले की कडेला नेहमी रिकाम्या जागा राहतात, कारण नळी काही भिंतीप्रमाणे वळत नाही. भांडं जितकं लहान आणि तुकडा जितका मोठा, तितकी चूक मोठी. रिगातोनी पाव कपाने मोजू नये ते यासाठीच. तो आकडा दर वेळी वेगळा येईल, आणि त्यात तुमच्या हाताचा दोष नसेल.

तिसरी गोष्ट भरण्याची रीत. कप ओट्यावर दोनदा आपटला की तुकडे खाली बसतात आणि वर आणखी मूठभर मावतात. शीग लावून भरलेला कप आणि सपाट भरलेला कप यांतला फरक तर धान्य मोजणाऱ्या कुणालाही सांगायला नको. अमेरिकेत सपाट मापाचा आग्रह रुजवण्यात बोस्टन कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांचा मोठा वाटा होता. १८९६ मध्ये आलेल्या त्यांच्या पाकपुस्तकानंतर कप आणि चमचे सुरीने सपाट करून मोजण्याची शिस्त तिथल्या घरोघरी पोचली. पीठ-साखरेसाठी ती शिस्त उत्तम. पास्त्यावर सुरी फिरवून बघा, अर्धे तुकडे उडून ओट्याखाली जातील.

कप नेमका कोणाचा?

ग्रॅमकडे जाण्याआधी कप ठरवून घ्यायला हवा, कारण जगात एकच कप नाही.

अमेरिकी कप २३६.६ मिलिलिटरचा. तिथल्या पोषणमूल्यांच्या लेबलवर तो सोयीसाठी २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा मेट्रिक कप २५० मिलिलिटर. जपानी कृतीतला कप २०० मिलिलिटर. जुन्या ब्रिटिश कृतीत अर्ध्या पिंटाचा कप असेल तर तो २८४ मिलिलिटरपर्यंत जातो. आपल्याकडे बाजारात मिळणारे प्लास्टिकचे किंवा स्टीलचे मेजरिंग कप बहुतेक २४० किंवा २५० चे असतात. दांड्यावर किंवा बुडाशी कोरलेलं असतं, एकदा बघून ठेवा.

२४० आणि २५० मधला फरक चार टक्के. पास्त्याच्या बाबतीत तो विसरून जा, एवढा फरक कप भरताना हात हलल्यानेही पडतो. २०० आणि २४० मधला फरक मात्र धरावाच लागतो.

घरात मेजरिंग कप नसेल आणि सगळं वाटीने चालत असेल तरी काही अडत नाही. आपल्या आमटीच्या वाट्या शंभरापासून दोनशे मिलिलिटरपर्यंत कशाही असतात, त्यामुळे ‘एक वाटी पास्ता’ या मापाला तुमच्या घराबाहेर काही अर्थ नाही, पण घरात आहे. वाटी किती मिलिलिटरची ते काढायचा सोपा मार्ग: अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडताना ते दूध तापवायच्या पातेल्यात थेट न ओतता त्या वाटीने मोजून ओता. सव्वातीन वाट्या झाल्या तर वाटी साधारण १५० मिलिलिटरची. अडीच झाल्या तर २०० ची. वजनकाटा असेल तर आणखी सोपं: वाटीत काठोकाठ पाणी भरा, जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर वाटी.

पाकिटाचा स्वतःचा आकडा काढणे

आता मुख्य काम. नवं, न फोडलेलं पाकीट घ्या. त्यावरचं निव्वळ वजन वाचा. भारतात पाकीटबंद मालावर ते छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे ते शोधावं लागणार नाही. बहुतेक पाकिटं ५०० ग्रॅमची असतात, पण ४०० आणि २५० ची पण दिसतात, आणि ‘वीस टक्के जादा’ वाली पाकिटं तर हमखास फसवतात. त्यावर एकूण वजन काय लिहिलंय तेच धरायचं.

सगळा पास्ता एका मोठ्या परातीत ओता. शेजारी एक रिकामं पातेलं ठेवा.

पास्ता हाताने उचलून कपात सोडा. कप परातीत खुपसून भरू नका, त्याने तुकडे दाबले जातात. दाबू नका, आपटू नका, हलवू नका. काठापर्यंत आला की तळव्याने वरून हलकेच सारखा करा. काठाच्या वर डोकावणाऱ्या तुकड्यांसाठी एक साधा नियम ठेवा: अर्ध्याहून जास्त बाहेर असेल तो काढायचा, अर्ध्याहून जास्त आत असेल तो राहू द्यायचा. नियम कोणता यापेक्षा तो दर वेळी तोच असणं महत्त्वाचं, कारण पुढे रोजच्या स्वयंपाकातही तुम्ही याच हाताने कप भरणार आहात.

भरलेला कप पातेल्यात रिकामा करा, मोजत राहा. शेवटचा कप पूर्ण भरणार नाही. तो पाव, अर्धा की पाऊण हे नजरेने ठरवा. तळाशी राहिलेला चुराही त्यातच टाका, त्याचंही वजन पाकिटात धरलेलंच आहे.

मग भागाकार. पाकिटाचे ग्रॅम भागिले कप. ५०० ग्रॅमच्या पाकिटासाठी उत्तरं तयारच देते:

४ कप भरले तर एक कप = १२५ ग्रॅम
साडेचार कप = १११ ग्रॅम
५ कप = १०० ग्रॅम
साडेपाच कप = ९१ ग्रॅम
६ कप = ८३ ग्रॅम
साडेसहा कप = ७७ ग्रॅम
७ कप = ७१ ग्रॅम
८ कप = ६२ ग्रॅम

एकच कप मोजून काम भागवण्यापेक्षा पूर्ण पाकीट मोजायचं कारण असं, की एक कप थोडा सैल भरला जातो, पुढचा थोडा गच्च, आणि पाच-सहा कपांत हे उणंअधिक एकमेकांना खाऊन टाकतं. शेवटच्या अर्धवट कपाचा अंदाज थोडा चुकला तरी उत्तरात फार फरक पडत नाही. साडेपाचच्या जागी पावणेसहा मोजलेत तर ९१ च्या जागी ८७ येतील. चार ग्रॅमने पास्ता बिघडत नाही.

आकडा आला की तो पास्त्याच्या डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून टाका: ‘पेन्ने, १ कप = ९१ ग्रॅम’. कंपनी बदलली की पुन्हा मोजा. एकाच नावाच्या पेन्नेत एका कंपनीची नळी आखूड आणि जाड, दुसरीची लांब आणि पातळ असते. आकार नावाने सारखा असला तरी कपातलं वजन सारखं असेलच असं नाही, आणि तक्त्यांमध्ये जो घोळ दिसतो त्याचं अर्धं कारण हेच आहे.

घरात डिजिटल काटा असेल तर मोजणी आणखी पटकन होते. काट्यावर रिकामं भांडं ठेवून शून्य करा, एक कप पास्ता ओता, आकडा टिपा. पास्ता परत परातीत टाका, पुन्हा कप भरा, पुन्हा टिपा. तीन वेळा करून सरासरी घ्या. खरं तर काटा हाताशी असेल तर कप कशाला, थेट ग्रॅममध्येच मोजावं. पण परदेशी कृती कपात असते, आणि तिच्यातल्या कपाचे ग्रॅम किती हे कळायला हा एकदाचा उपद्व्याप करावाच लागतो.

तक्ता, पण चिमूटभर शंका ठेवून

पाकीट आधीच फोडलेलं आहे, किती उरलंय माहीत नाही, काटाही नाही, आणि पाहुणे यायचेत. अशा वेळी तक्त्याचा आधार घ्यावा. पुढचे आकडे २४० मिलिलिटरच्या, न दाबता सपाट भरलेल्या कपाचे आहेत. प्रत्येकात पट्टा दिला आहे, एक नेमका आकडा दिलेला नाही. जो तक्ता ‘पेन्ने = ९३ ग्रॅम’ असं छातीठोकपणे सांगतो, त्याने कुठल्या तरी एका पाकिटाची पेन्ने मोजलेली असते.

ओर्झो: १७० ते २०० ग्रॅम
डिटालिनी, म्हणजे सूपमध्ये घालायच्या बुटक्या नळ्या: ११० ते १३५
एल्बो मॅकरोनी: १०५ ते १२५
लहान शिंपले: ९० ते १०५
पेन्ने: ८० ते १००
फुसिल्ली, रोटिनी आणि बाकी पिळाचे प्रकार: ७५ ते ९०
रिगातोनी: ६५ ते ८५
फारफाल्ले: ६० ते ८०

वरचा आणि खालचा आकडा बघा. ओर्झोचा एक कप फारफाल्लेच्या अडीच-तीन कपांइतका जड. म्हणजे कृतीत ‘एक कप ओर्झो’ असताना घरात आहे म्हणून एक कप फारफाल्ले घातली, तर पास्ता तिसऱ्या हिश्श्यावर येईल. आकार बदलताना कप तेवढाच ठेवायचा नाही, ग्रॅम तेवढेच ठेवायचे.

आपल्याकडे सुट्टी किंवा साध्या पाकिटात मिळणारी एल्बो मॅकरोनी बरेचदा पातळ भिंतीची असते. तिच्यासाठी पट्ट्याचा खालचा आकडा धरणं बरं. उलट जाड, खरबरीत पृष्ठभागाचा पास्ता असेल तर वरचा धरा.

वाटीने मोजत असाल तर तक्त्यातल्या आकड्याला वाटीच्या मिलिलिटरने गुणा आणि २४० ने भागा. पेन्ने ९० ग्रॅम धरली आणि वाटी १५० मिलिलिटरची असली तर ९० गुणिले १५० भागिले २४०, म्हणजे ५६ ग्रॅम. लहान वाटीत कडेच्या रिकाम्या जागा जास्त राहतात, तेव्हा प्रत्यक्षात दोन-चार ग्रॅम कमीच भरतील. मोठ्या तुकड्यांसाठी याच्या उलट मार्ग जास्त भरवशाचा: एक लिटरची बरणी भरा आणि तक्त्यातल्या आकड्याला ४.२ ने गुणा. बरणीभर पेन्ने ३४० ते ४२० ग्रॅमच्या आसपास येईल.

औंसांचा सापळा

अमेरिकी कृतीत कपाइतकाच औंसांचा सुळसुळाट असतो, आणि इथे भलेभले घसरतात. कारण औंस दोन आहेत. एक द्रवाचा, जो आकारमान मोजतो आणि आठ औंसांचा एक कप होतो. दुसरा वजनाचा, जो २८.३५ ग्रॅमचा असतो. पास्त्याच्या पुढे लिहिलेला औंस नेहमी वजनाचा असतो. त्यामुळे ‘८ औंस पास्ता’ म्हणजे एक कप पास्ता असं कधीच होत नाही. ८ औंस म्हणजे २२७ ग्रॅम, आणि त्यासाठी एल्बोचे दोन कप, पेन्नेचे अडीच, तर फारफाल्लेचे सव्वातीन कप लागतात.

लक्षात ठेवायला चारच आकडे पुरतात: ४ औंस ११३ ग्रॅम, ८ औंस २२७, १२ औंस ३४०, १६ औंस ४५४. शेवटचा म्हणजे एक पौंड, आणि तोच अमेरिकेतल्या पास्त्याच्या नेहमीच्या खोक्याचा आकार. न्यू जर्सीची मावशी व्हॉट्सॲपवर ‘एक बॉक्स पास्ता, एक जार सॉस’ अशी कृती पाठवते तेव्हा तिचा बॉक्स ४५४ ग्रॅमचा असतो आणि आपलं पाकीट ५०० चं. अख्खं पाकीट ओतलंत तर सॉस थोडा कमी वाटेल. अर्धा कप पेन्ने मागे ठेवली की हिशोब जमतो. मात्र सगळेच खोके एका पौंडाचे नसतात, तिथे १२ औंसांचेही मिळतात, तेव्हा मावशीला एकदा विचारून घेतलेलं बरं.

स्पॅगेटीला कप चालत नाही

लांब पास्ता कपात मोजायचा म्हणजे तोडायचा, आणि ते पाप इटालियन माणसासमोर करू नये. लांब पास्ता मोजायच्या वेगळ्या वाटा आहेत.

पहिली जुडीची. अमेरिकी पाकिटांवर एका माणसाचं माप २ औंस म्हणजे ५६ ग्रॅम धरतात, आणि स्पॅगेटीची एवढी जुडी मुठीत धरली तर तिचा व्यास सुमारे १७ मिलिमीटर भरतो. पुढचा हिशोब साधा आहे, पण त्यात एक खोच आहे: व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होत नाही, चौपट होतं. म्हणून २० मिलिमीटरची जुडी ७५–८० ग्रॅमची, २४ मिलिमीटरची सुमारे ११० ग्रॅमची, आणि दहा रुपयांच्या नाण्याएवढी, म्हणजे २७ मिलिमीटरची जुडी जवळजवळ १४० ग्रॅमची. ‘नाण्याएवढी जुडी घ्या’ असं कुठे वाचलं तर आधी नाणं कोणतं ते बघा. अमेरिकी क्वार्टर २४ मिलिमीटरचा आहे, आणि तेवढी जुडी एका माणसाची म्हणून सांगितली जाते ती त्यांच्याच पाकिटावरच्या मापाच्या दुप्पट भरते. मुठीची पकड सैल-घट्ट असेल तसा यातही दहा-पंधरा टक्के फरक पडतो. भोकाभोकांची स्पॅगेटी मोजायची पट्टी मिळते, तिची अडचणही हीच.

दुसरी वाट काड्या मोजण्याची. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण नेहमीच्या जाडीची, पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्पॅगेटीची एक काडी एका ग्रॅमला थोडीशी कमी भरते. म्हणजे ८० ग्रॅमसाठी पंचाऐंशी-नव्वद काड्या. एकदा मोजून जुडी करून बघा, पुढच्या वेळी हाताला अंदाज येतो. अगदी बारीक स्पॅगेटिनी किंवा कापेल्लीनीला हा नियम लागू नाही.

तिसरी आणि मला सगळ्यात आवडणारी वाट म्हणजे निम्मं-निम्मं करणं. पाकीट ५०० चं आहे, ओट्यावर सगळ्या काड्या सरळ लावून दोन सारख्या जुड्या केल्या की २५०, पुन्हा निम्मं केलं की १२५. दोन जुड्या शेजारी धरून कुठली जाड हे डोळ्यांना नेमकं कळतं. छोट्या पास्त्यालाही हेच दोन एकसारख्या बरण्या वापरून करता येतं: दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत भरा, निम्मं झालं. काटा नाही, कप नाही, भागाकार नाही.

घरट्यासारख्या गुंडाळलेल्या तालियातेल्लेसाठी पाकिटातली घरटी मोजा आणि वजनाला भागा. लझान्याच्या पट्ट्यांचंही तसंच.

सुका की शिजलेला?

‘तीन कप पास्ता, शिजवून’ आणि ‘तीन कप शिजवलेला पास्ता’ या दोन ओळींत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. पहिलीत सुका मोजून मग शिजवायचा, दुसरीत शिजल्यावर मोजायचा. सॅलडच्या आणि उरलेल्या पास्त्याच्या कृतींत दुसरा प्रकार फार येतो.

सुका पास्ता शिजून साधारण दुप्पट ते सव्वादोनपट वजनाचा होतो. १०० ग्रॅमचे २०० ते २२५ ग्रॅम, जरा जास्त शिजला तर २४० पर्यंत. शिजलेल्या एल्बोचा एक कप १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यामुळे ‘तीन कप शिजवलेली मॅकरोनी’ हवी असेल तर ४२० ग्रॅम शिजलेली, म्हणजे भागिले २.२, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम सुकी. एल्बोचे ११० ग्रॅम एका कपात धरले तर पावणेदोन कप सुकी मॅकरोनी पुरते. मोठ्या नळ्या शिजल्यावरही पोकळच राहतात, तिथे कपाचा हा हिशोब ढोबळच समजायचा.

कुठे नेमकेपणा हवा, कुठे नको

भरपूर पाण्यात उकळून, गाळून, वेगळ्या सॉसमध्ये घालायचा पास्ता असेल तर वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही. इटालियन घरांतला नियम सोपा आहे: १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. दहा ग्रॅम मीठ म्हणजे बारीक मिठाचे सपाट पावणेदोन छोटे चमचे. आपल्याला जास्त वाटलं तरी बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं.

एकाच भांड्यात मोजून पाणी घालून, न गाळता करायचा पास्ता असेल तर मात्र काटेकोर राहावं. प्रत्येक १०० ग्रॅम सुका पास्ता शिजताना स्वतःच १०० ते १२५ मिलिलिटर पाणी पिऊन टाकतो, वाफेत जातं ते वेगळं. कृतीत ३ कप रोटिनी म्हणजे २४० ग्रॅम अपेक्षित असताना तुम्ही ३ कप एल्बो घातलीत तर ती होते ३३० ग्रॅम, आणि ते जास्तीचे ९० ग्रॅम शंभरेक मिलिलिटर पाणी मागतात. मग पातेलं तळाला लागतं आणि दोष गॅसला दिला जातो. प्रेशर कुकरमध्ये किंवा ओव्हनमध्ये कच्चाच पास्ता घालून भाजायच्या कृतीतही हेच.

सूपमध्येही हात आखडता घ्यावा. मिनेस्त्रोनेत अर्धा कप डिटालिनी लिहिलेली असते, म्हणजे साठेक ग्रॅम, आणि ती चौघांना पुरते. डोळ्यांना फार कमी वाटते म्हणून आणखी मूठभर घातली की तासाभरात सूपचा लगदा होतो, कारण पास्ता ताटात वाढेपर्यंत आणि वाढल्यावरही पाणी पीत राहतो.

माणशी किती?

इटलीतल्या आहारविषयक मार्गदर्शनात सुक्या पास्त्याचं प्रमाण माणशी ८० ग्रॅम आहे, सूपमध्ये घालायचा असेल तर त्याच्या निम्मं. अमेरिकी पाकिटावर ५६ ग्रॅम असतात, पण प्रत्यक्षात एवढ्यावर थांबणारी माणसं विरळा. माझं मत असं: भाज्या घालून, बरोबर गार्लिक ब्रेड वगैरे असेल तर ६५–७० ग्रॅम पुष्कळ होतात. नुसताच पास्ता रात्रीचं जेवण म्हणून असेल तर ८०, आणि क्रिकेट खेळून आलेली पोरं असतील तर १०० धरा. चौघांना ८० प्रमाणे ३२० ग्रॅम, म्हणजे ९१ ग्रॅमवाल्या पेन्नेचे साडेतीन कप. पाकिटात १८० ग्रॅम उरतात, अगदी दोन कप. हा दोनाचा आकडा डब्यावरच्या चिकटपट्टीखाली लिहून ठेवला तर पुढच्या वेळी पुन्हा सगळं मोजायला नको.

असे दोन कप, पाऊण कप, मूठभर असे निरनिराळे उरलेले पास्ते डब्यांत साठतात. नेपल्समध्ये त्यांचा जुना उपयोग आहे: सगळ्या उरल्यासुरल्या आकारांची भेळ करून ती राजमासारख्या घेवड्याच्या किंवा बटाट्याच्या दाट रश्शात शिजवतात. पास्ता मिस्ता म्हणून ही भेळ तिथे आता मुद्दाम पाकिटात भरूनही विकली जाते. अशा भेळीचा कप कुठल्याच तक्त्यात बसत नाही. लहान तुकडे मोठ्यांच्या मधल्या फटींत शिरतात आणि कप अपेक्षेपेक्षा जड भरतो. ती करायची तर डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून ग्रॅमांची बेरीज करा, माणशी ५०–६० धरा, आणि जाड तुकडे दोन-तीन मिनिटं आधी टाका.